डॉक्टरांची मान वर होऊ द्यायची नाही : डेंटल असिस्टंटच्या कामाची उजळणी

दातांच्या दवाखान्यात नवीन असिस्टंट रुजू झाली की तिला शिकवायचं काम माझ्याकडे येतं. पहिल्या दिवशी मी तिच्या हातात काहीच देत नाही. कोपऱ्यात स्टूलवर बसवते आणि एकच गोष्ट मोजायला लावते : एका फिलिंगमध्ये डॉक्टरांनी मान किती वेळा वर केली? कधी ट्रेवर मॅट्रिक्स बँड, म्हणजे फिलिंगला आधार देणारी पातळ पट्टी, नव्हती म्हणून, कधी दिवा हलला म्हणून, कधी रिसेप्शनवरून कुणी दारात येऊन काही विचारलं म्हणून. डोळ्यांवर लूप्स, म्हणजे मोठं दाखवणारा चष्मा, असेल तर नजर तोंडातून बाहेर काढून परत दातावर बसवायला आणखी वेळ जातो. तेवढा वेळ पेशंट जबडा ताणून पडलेला असतो. वाळवून ठेवलेल्या दातावर थुंकी आली तर एचिंगपासून, म्हणजे फिलिंग चिकटावं म्हणून दातावर आम्ल लावण्यापासून, सगळं परत करावं लागतं. डॉक्टरांची मान वर झाली, म्हणजे आमच्या बाजूचं काहीतरी राहिलं, असं मी धरते. संध्याकाळी ती यादी वाचली की दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं ते आपोआप ठरतं.

पुढे लिहिलेलं सगळं या एका हिशोबातून आलेलं आहे.

पहिला पेशंट यायच्या आधी

सकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी उभ्या उभ्या दिवसाची यादी वाचायची. डॉक्टर, असिस्टंट आणि रिसेप्शनवरची व्यक्ती, तिघंही. बऱ्याच दवाखान्यांत रिसेप्शनिस्टला यात धरत नाहीत, आणि मला ते कधीच पटलेलं नाही. पेशंट रात्रभर झोपलेला नाही, मागच्या वेळी इंजेक्शनला घाबरून उठून गेला होता, सोबत आई येणार आहे आणि तिला जिना चढवत नाही, हे सगळं फोनवर तिनेच ऐकलेलं असतं.

यादी वाचताना प्रत्येक नावाशी थांबून विचारायचं : याला कुठल्या गोळ्या चालू आहेत? एक्स-रे काढलेला आहे का? लॅबचं काम असेल तर कॅप आली आहे का, आणि आली असेल तर डबी उघडून मॉडेलवर, म्हणजे पेशंटच्या दातांच्या साच्यावर, बसवून कुणी पाहिली आहे का? पेशंटला बधिर करून, टेंपररी कॅप काढून, मग लॅबची डबी शोधायची वेळ कुणावरही येऊ नये. अचानक दुखतंय म्हणून येणाऱ्यांसाठी कुठली वेळ मोकळी ठेवायची तेही तेव्हाच ठरवून टाका. नाही तर दुपारी प्रत्येक फोनला डॉक्टरांना विचारायला कुणीतरी आत येणार, आणि मान वर होणार.

चेअरच्या पाण्याच्या सगळ्या नळ्या सकाळी दोन मिनिटं वाहू द्यायच्या आणि मग दोन पेशंटांच्या मध्ये २० ते ३० सेकंद. रात्रभर बारीक नळ्यांत पाणी साचून राहिलं की आतून जंतूंचा थर धरतो. नुसतं पाणी वाहू दिल्याने तो थर निघत नाही, त्यासाठी कंपनीने सांगितलेलं औषध ठरलेल्या दिवशी घालावंच लागतं. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा बघायचा. इमर्जन्सीच्या पेटीतल्या औषधांच्या तारखा महिन्यातून एकदा तपासायच्या आणि ज्याने तपासल्या त्याने सही करायची.

पेशंटशी पहिलं बोलणं

‘काही आजार आहे का?’ असं विचारलं की दहातले आठ जण ‘नाही’ म्हणतात. गोळीने रक्तदाब ताब्यात आहे, म्हणजे आता आजार राहिला नाही, असं लोकांना वाटतं. म्हणून प्रश्न गोळ्यांवरून सुरू करायचा. रोज सकाळी कुठली गोळी घेता? रात्री? आज घेतलीत का? रक्त पातळ करायची गोळी आहे का? हाडं ठिसूळ झाली म्हणून कधी गोळ्या किंवा इंजेक्शनं घेतली होती का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. त्यातल्या काही औषधांनंतर दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडून सडू शकतं. बायका वर्षानुवर्षं ही औषधं घेतात आणि दातांशी त्यांचा संबंध असेल हे त्यांच्या मनातही येत नाही.

रक्त पातळ करायची गोळी पेशंटने आपल्या मनाने बंद करायची नाही आणि आपणही फोनवर ‘दोन दिवस बंद ठेवा’ सांगायचं नाही. तो निर्णय आपले डॉक्टर आणि गोळी लिहून देणारे डॉक्टर मिळून घेतील. आपलं काम ती गोळी फाइलवर ठळक लिहिण्याचं. हृदयाची झडप बदललेली असेल तर दाढ काढण्यासारख्या कामांच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. ही गोष्ट पेशंट चेअरवर बसल्यावर कळली तर अख्ख्या दिवसाचं वेळापत्रक कोलमडतं. मधुमेह असेल तर विचारायचं : औषध घेतलं, पण खाल्लं का? ॲलर्जी आहे म्हणाले तर ‘नेमकं काय झालं होतं?’ हे विचारा. गोळीने मळमळणं वेगळं आणि अंगावर गांधी उठून ओठ सुजणं वेगळं.

रक्तदाब मी सगळ्यांचाच घेते. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीवर ठेवून. १८०/११० किंवा त्याहून वर आला तर परत एकदा घ्यायचा, आणि तेवढाच असेल तर डॉक्टरांना सांगून नेहमीचं काम पुढे ढकलायचं.

आत बोलावताना ‘तुम्ही अमुक काका ना?’ असं विचारू नका. घाबरलेला माणूस कशालाही मान हलवतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, आणि आज कशासाठी आलात?’ असं विचारलं की ते स्वतः बोलतात आणि फाइल बरोबर आहे ना ते कळतं.

चेअरभोवतीचं घड्याळ

पेशंटचं तोंड म्हणजे घड्याळाचा मधला खिळा समजा. डोक्याच्या मागे १२, पायाच्या दिशेला ६. उजव्या हाताने काम करणारे डॉक्टर ७ ते १२ या पट्ट्यात फिरतात. आपण २ ते ४ मध्ये बसायचं. १२ ते २ ही जागा ट्रॉलीची आणि यंत्रांची. ४ ते ७, म्हणजे पेशंटच्या हनुवटीखाली छातीवरची जागा, तिथेच इन्स्ट्रुमेंटची देवाणघेवाण. डॉक्टर डावखुरे असतील तर सगळं आरशातल्यासारखं उलटं : ते १२ ते ५ मध्ये, आपण ८ ते १० मध्ये.

आपलं स्टूल डॉक्टरांच्या स्टूलपेक्षा चार ते सहा इंच, म्हणजे १० ते १५ सेंटिमीटर उंच हवं. नवीन मुली संकोचाने खाली बसतात. डॉक्टरांपेक्षा उंच बसणं त्यांना बरं दिसत नाही. मग दिसत नाही म्हणून वाकतात आणि वर्षभरात कंबर धरून बसतात. उंच बसा, पाय स्टूलच्या कड्यावर टेकवा, पाठ सरळ ठेवा. वरून बघितल्याशिवाय तोंडाच्या तळाशी काय साठतंय ते दिसणार नाही.

सक्शन

सक्शन म्हणजे तोंडातलं पाणी आणि लाळ ओढून घेणारी नळी. उजव्या हातात सक्शन, डाव्या हाताने देवाणघेवाण. क्रम असा : आधी आपण सक्शनची नळी जागेवर ठेवायची, मग डॉक्टर मिरर आणि एअरोटर, म्हणजे दात कोरायचं वेगाने फिरणारं यंत्र, आत आणतात. उलट झालं तर आपली नळी त्यांच्या हाताला अडते, त्यांना हात काढावा लागतो आणि मान वर.

नळीचं तिरकं तोंड दाताच्या पृष्ठभागाला समांतर धरायचं, ज्या दातावर काम चाललंय त्याच्या जरा मागे, अगदी जवळ, पण टेकवून नाही. गालात फार दाबलं तर गाल आत ओढला जातो. तसं झालं तर नळी ओढून काढायची नाही, थोडी फिरवली की हवा शिरते आणि गाल सुटतो. जिभेच्या मुळाला आणि मऊ टाळूला नळी लागली की उमासा येणारच. खालच्या मागच्या दाढेवर काम असेल तेव्हा नळीनेच जीभ हळूच बाजूला धरून ठेवायची, म्हणजे बरपासून, एअरोटरच्या फिरत्या टोकापासून, तिचा बचाव होतो. डावा हात मोकळा असेल तर हवा आणि पाणी सोडणाऱ्या थ्री-वे सिरिंजने मिररवर हवेची बारीक फुंकर मारत राहायची. मिरर धुरकट झाला की डॉक्टर तो पुसायला बाहेर काढतात. आणि लाळेची वाकडी नळी तोंडात असताना पेशंटला ‘ओठ मिटा’ म्हणायचं नाही. ओठ मिटले की दाब उलटा होतो आणि नळीतलं आधीचं पाणी तोंडात परत येऊ शकतं. ही सवय जुन्या असिस्टंटनाही असते.

हातातून हातात

नवीन इन्स्ट्रुमेंट डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं यांच्यात धरा. करंगळी मोकळी ठेवा. डॉक्टरांचं वापरून झालेलं इन्स्ट्रुमेंट करंगळीने उचलून तळहाताशी घ्यायचं आणि त्याच हालचालीत नवीन त्यांच्या बोटांत ठेवायचं. दोन्ही एकमेकांना समांतर असावीत, नाही तर टोकं अडकतात. कामाचं टोक दाताकडे : खालच्या दातांसाठी खाली, वरच्यांसाठी वर. ठेवताना किंचित दाब द्या. डॉक्टर बघत नाहीत, त्यांना बोटांना कळलं पाहिजे की आलं.

घरी दोन पेन घेऊन सराव करायला सांगते मी. करंगळी सुरुवातीला ऐकत नाही.

पेशंटच्या डोळ्यांवरून, नाकावरून काहीही न्यायचं नाही. ट्रेवर इन्स्ट्रुमेंट वापरायच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे लावलेली असतील तर पुढचं काय लागणार हे मागण्याआधीच हातात असतं. धारदार वस्तूंचं मात्र वेगळं. स्केलपेल ब्लेड हातातून हातात जात नाही. ते किडनी ट्रेमध्ये ठेवायचं, तोंडाने ‘ब्लेड’ म्हणायचं, समोरच्याने तिथून उचलायचं. सुईचं टोपण एका हाताने, ट्रेवर ठेवलेलं टोपण सुईनेच उचलून बसवायचं, आणि ज्याने इंजेक्शन दिलं त्यानेच. दुसऱ्याची सुई मदत म्हणून झाकायला जाऊ नका.

तरी टोचलंच तर हातमोजा काढून वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. पिळून रक्त काढायचं नाही, ब्लीच लावायचं नाही. आणि त्याच मिनिटाला सांगायचं, पेशंट गेल्यावर नाही. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं घ्यायची ठरली तर जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. हिपॅटायटिस बीची लस रुजू होतानाच सुरू करा : पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटिबॉडी तयार झाल्या का ते बघा. हे शेवटचं टाळलं जातं. लस घेऊनही काहींच्या अंगात अँटिबॉडी तयार होत नाहीत.

दाताचा नंबर : म्हणा आणि परत म्हणा

दोन अंकी पद्धतीत पहिला अंक तोंडाचा कोपरा सांगतो : १ वर उजवीकडे, २ वर डावीकडे, ३ खाली डावीकडे, ४ खाली उजवीकडे. उजवं-डावं पेशंटचं. दुसरा अंक पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत जातो, १ ते ८. दुधाच्या दातांना ५ ते ८ हे कोपरे. नंबर मोठ्याने सांगताना अंक सुटे बोलायचे : ‘चार-सहा’. ‘शेहेचाळीस’ म्हणायचं नाही. कंप्रेसर चालू असताना मास्कमधून ‘सव्वीस’ आणि ‘छत्तीस’ सारखेच ऐकू येतात, ‘सत्तावीस’ आणि ‘सदतीस’ तर विचारूच नका. लिहिणाऱ्याने ऐकलं ते परत म्हणायचं आणि मगच लिहायचं. हिरड्यांची मापं, म्हणजे हिरडी आणि दात यांच्या मधल्या फटीची खोली मिलिमीटरमध्ये, घेताना एका बाजूला तीन आकडे येतात, ‘तीन-दोन-तीन’. चार किंवा जास्त आला की परत म्हणणारीचा आवाज जरा थांबतो. पेशंटलाही कळतं की इथे काहीतरी आहे.

दाढ काढायची असेल तेव्हा याच्याही पुढे एक पायरी. बधिर करण्याआधी सगळे थांबतात. डॉक्टर मोठ्याने नाव, कारण आणि दाताचा नंबर सांगतात. मी फाइल वाचून तेच म्हणते. एक्स-रे समोर असतो, आणि तो उलटा तर लावलेला नाही ना हे मी बघते. मग पेशंट स्वतःच्या बोटाने दाखवतो. फोरसेप्स, म्हणजे दात काढायचा चिमटा, लावण्याआधी पुन्हा एकदा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी-यादी आणली, तिच्यातला हा थांबा दवाखान्यातही तितकाच चालतो.

सगळ्यात सावध राहायचं ते दात सरळ करण्यासाठी चांगले दात काढायचे असतात तेव्हा. दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांच्या पत्रात चार प्रीमोलर, म्हणजे सुळ्यामागच्या लहान दाढा, लिहिलेल्या असतात. चारही धडधाकट, कीड नाही, दुखत नाही, त्यामुळे तोंडात बघून कुठला काढायचा हे कळायला काही खूणच नसते. पेशंट बारा-तेरा वर्षांचा, त्यालाही माहीत नसतं. इथे पत्र हातात धरूनच काम करायचं. आणि कालच रुजू झालेल्या मुलीने जरी ‘थांबा’ म्हटलं तरी डॉक्टरांसकट सगळ्यांनी थांबायचं. ती चुकली असेल तर अर्धं मिनिट गेलं, एवढंच.

काय बोलायचं, काय नाही

पेशंटच्या डोळ्यांवर दिवा आहे, तोंडात नळी आहे. तो बघू शकत नाही, बोलू शकत नाही, म्हणून तो ऐकतो. आपण एकमेकांकडे बघून हसलो तरी त्याला ते स्वतःवर वाटतं. ‘अरे!’, ‘गेलं!’, ‘हे कुठे पडलं?’ हे शब्द चेअरजवळ वर्ज्य. आमच्याकडे काही गडबड दिसली की ‘डॉक्टर, फाइल एकदा बघता का?’ असं म्हणायचं ठरलेलं आहे. मग डॉक्टर थांबतात. मान वर झालेली मला चालते ती फक्त यासाठी.

खोटं मात्र बोलू नका. ‘अजिबात दुखणार नाही’ म्हटलं आणि दुखलं, की पुढचा शब्द कुणी मानत नाही. ‘आधी बधिर करणारं जेल लावू, दोन मिनिटं थांबू, मग टोचल्यासारखं वाटेल, मी दहापर्यंत मोजते’ असं म्हणा आणि खरंच मोजा. हिरडी आधी पुसून कोरडी करून जेल लावलं आणि एक-दोन मिनिटं थांबलं तरच त्याचा उपयोग. जेल लावल्या लावल्या सुई आणली तर लावलं काय नि नाही काय. डॉक्टरांना भरलेली सिरिंज देताना आतल्या औषधाच्या काट्रिजवरचं नाव आणि तारीख वाचून दाखवायची. सिरिंज हनुवटीच्या खालून द्यायची, पेशंटच्या नजरेसमोरून नाही. इंजेक्शननंतर पेशंटला एकटं सोडून कुणीही बाहेर जायचं नाही.

काम सुरू करण्याआधी खूण ठरवा : काही झालं तर डावा हात वर करायचा. डावा अशासाठी, की उजवीकडे एअरोटर धरलेला डॉक्टरांचा हात असतो. डावीकडे मी आहे, लागलाच तर मला लागेल. हात वर झाला की काम थांबलंच पाहिजे, ‘एवढं होऊ दे’ नाही. एकदा हात वर करून काम थांबलं नाही, तर पुढच्या वेळी तो हात थेट एअरोटर पकडतो.

आणि तोंडात दोन हात, एक मिरर आणि सक्शन असताना ‘काय मग, मुलगा काय करतो तुमचा?’ हा प्रश्न विचारायची डॉक्टर लोकांची सवय मला काही मोडता आलेली नाही.

मुलांच्या बाबतीत ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत १९५९ पासून शिकवली जाते आणि तिला अजून तोड नाही. सक्शन आधी मुलाच्या तळहातावर, ब्रश नखावर फिरवायचा, मग तोंडात. दाखवलं तेच करायचं, मध्ये नवीन काही आणायचं नाही. ‘करू या का?’ असं विचारू नका, कारण ते ‘नाही’ म्हणणार आणि तुम्ही तरीही करणार. ‘आधी वरचे दात मोजू की खालचे?’ असं विचारा. बोलणारा एकच असावा. आई, असिस्टंट आणि डॉक्टर तिघं एकदम समजावू लागले की मूल रडतंच.

कुणाला काही झालं तर

भिंतीवर कागद लावा आणि त्यावर आजच्या नावांसकट कामं लिहा : डोक्याशी कोण थांबणार, पेटी आणि ऑक्सिजन कोण आणणार, फोन कोण करणार. फोन करणाऱ्याने परत येऊन ‘फोन केला, गाडी निघाली’ हे मोठ्याने सांगायचं. ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही.

सगळ्यात जास्त दिसते ती भोवळ. चेहरा पांढरा पडतो, घाम येतो, पेशंट जांभया देतो. तोंडातलं सगळं बाहेर काढा, चेअर आडवी करा, पाय वर. बरेच महिने भरलेली गरोदर बाई असेल तर तिला डाव्या कुशीवर कलतं करा, नाही तर पोटाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दाबली जाते. एक-दोन मिनिटांत माणूस शुद्धीवर येतो. आला नाही तर ही साधी भोवळ नाही असं धरून पुढचं सुरू करा. साखर कमी झाली असेल आणि शुद्ध असेल तर १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या. शुद्ध नसेल तर तोंडाने काहीही नाही. अंगावर गांधी, आवाज घोगरा, श्वासाला त्रास असं दिसलं तर ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. ते डॉक्टर देतील, पण ती ॲम्प्यूल पेटीत कुठल्या कप्प्यात आहे हे तुम्हाला अंधारातही माहीत हवं.

कॅप किंवा रूट कनालची फाइल (दाताच्या मुळात घालायची बारीक सुई) घशाकडे घसरली तर पेशंटला उठवून बसवायचं नाही. उठवलं की ती खाली जाते. मान एका बाजूला वळवायची, सक्शन बंद करून ट्विझर द्यायचा. वस्तू दिसत नसेल तर ‘गिळली असेल’ म्हणून सोडायचं नाही, एक्स-रेला पाठवायचं. रूट कनालला रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणलेला रबराचा पडदा, लावला की ही वेळच येत नाही. डॅम दाताला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पला फ्लॉसचा दोरा बांधायला मात्र विसरू नका.

पेशंट गेल्यावर

सुया आणि ब्लेड आधी, तिथल्या तिथे, न टोचणाऱ्या डब्यात. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. मग जाड हातमोजे घालून इन्स्ट्रुमेंट धुवायची जागा. अल्ट्रासोनिकमधून, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रातून, काढल्यावर दिव्याखाली बघा. सिमेंट किंवा रक्त चिकटलेलं राहिलं तर वाफ त्याच्याखाली पोचत नाही. कोरडी करून पाऊचमध्ये, पाऊच एकमेकांवर न रचता कडेवर उभे. मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १३४ अंशाला किमान ३ मिनिटं किंवा १२१ अंशाला किमान १५ मिनिटं, तापायचा आणि वाळायचा वेळ वेगळा. ओला निघालेला पाऊच निर्जंतुक धरायचा नाही. पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली, एवढंच कळतं. जंतू मेले की नाही ते आठवड्याच्या स्पोअर टेस्टवर, म्हणजे मुद्दाम चिवट जंतू आत ठेवून केलेल्या चाचणीवर, कळतं, आणि त्याचा निकाल वहीत लिहायचा.

एअरोटर प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमध्ये. गर्दीच्या दिवशी ‘नुसता पुसून दे’ असा दबाव येतो. एअरोटर कमी पडत असतील तर अपॉइंटमेंट कमी घ्या, हे स्पष्ट सांगायचं, आणि सांगणारीच्या पाठीशी बाकीच्यांनी उभं राहायचं. चेअर पुसताना औषधाने पृष्ठभाग बाटलीवर लिहिला असेल तेवढा वेळ ओला राहिला पाहिजे. लगेच कोरड्या फडक्याने पुसला तर नुसती धूळ पुसली.

दाढ काढलेल्याला लगेच उठवू नका. चेअर हळूहळू वर आणा, दोन मिनिटं बसू द्या. सूचना सोबत आलेल्या माणसाला आत बोलावून द्या, कारण पेशंटच्या डोक्यात तेव्हा काहीच शिरत नाही. बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. २४ तास चूळ नाही, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, तंबाखू-सिगारेट नाही. खाचेत धरलेली रक्ताची गुठळी या सगळ्याने निघते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठ-पाण्याने हलकी चूळ. लहान मूल असेल तर ओठ बधिर असेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, ते ओठ चावत नाही ना याच्यावर नजर ठेवायला सांगा. मग समोरच्याला विचारा, ‘मी काय काय सांगितलं?’ त्यांच्या तोंडून आलं तरच सांगून झालं.

संध्याकाळी फोन आपणच करायचा, त्यांची वाट बघायची नाही. रक्त थांबलं का, गोळी घेतली का, बधिरपणा गेला का, एवढं विचारायचं. आणखी एक फोन तिसऱ्या दिवशी. दुखणं रोज कमी होत असेल तर ठीक. दोन दिवस बरं वाटून मग कानापर्यंत ठणका लागला, तोंडाला वास येतोय असं म्हणाले, तर ड्राय सॉकेटची, म्हणजे गुठळी निघून खाच उघडी पडल्याची, शंका धरायची. ‘गोळी घ्या, थांबेल’ असं आपल्या मनाने न सांगता त्याच दिवशीची वेळ द्या, फाइलवर लिहा आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. त्यांच्या हातातलं काम संपू दे मात्र.